सुताचं माप

"हात ढिला सोड गं बाई. असा काठीवानी ताठ धरलास तर बांगडी कशी चढंल?"

हजराबीनं राजनंदिनीचा हात आपल्या मांडीवर ओढून घेतला, अंगठा आत दुमडला आणि पंजा असा काही दाबला की हिरवी बांगडी कुरकुर न करता मनगटावर जाऊन बसली. डोहाळजेवणाला जमलेल्या बायका हसल्या. घाटनांदुरात बांगड्या विकणारे पुष्कळ होते, पण नुसता हात दाबून माप सांगणारी हजराबी एकच. असं ती स्वतःच सगळ्यांना सांगत असे, आणि सांगण्यासारखं होतंही.

आज मात्र तिचं निम्मं लक्ष पाठीकडे होतं. ब्लाउजच्या आत जिथं हात पोचत नाही नेमकं तिथंच खाज सुटली होती. कपाळावरून घाम ओघळत होता. राजनंदिनीची आई जानकीबाई, तिनं पंखा हजराबीकडे वळवला.

"हजरे, तुला लई घाम सुटलाय. बरं न्हाई का काय?"

"ऊन बाधलंय जरा. दुसरं काय न्हाई."

दुसरं काय होतं ते हजराबीला ठाऊक होतं. सकाळी अंघोळ करताना पोटावर दोन पाणीदार फोड दिसले होते. असलेच फोड अंगभर घेऊन तिची नात आफ्रीन पंधरवड्यामागं तिच्या मांडीवर झोपली होती. पोरीला कांजण्या आल्या तेव्हा सगळ्यांनी हजराबीला लांब राहायला सांगितलं. लहानपणी भावंडांना कांजण्या आल्या त्या वेळी तिला धारूरला आजोळी धाडलं होतं, त्यामुळं ती एकटीच घरात कोरी राहिली होती. पण ऐकेल ती हजराबी कसली! "ह्या वयात मला काय हुतंय," म्हणत तिनं नातीला आणखी जवळ घेतलं होतं.

निघताना नवऱ्यानं, मैनुद्दीननं, फळांचा गाडा तसाच सोडून तिच्या कपाळाला हात लावला होता.

"बुखार है तेरेको. मत जा. शाईस्ता को बोल, वो भर देगी."

तो हे नाव घेता ना, तर कदाचित ती घरी राहिलीही असती. शाईस्ता म्हणजे स्टँडजवळ काचेचं दुकान टाकलेली नवी बांगडीवाली. तिच्या दुकानात दिवे होते, आरसे होते, आणि माप घ्यायला लोखंडाच्या कड्या होत्या. कड्यांनी माप घेणारी बाई राजीचा हात धरणार! राजीच्या पाचवीनंतर काळ्या मण्यांच्या मनगट्या हजराबीनं बांधल्या होत्या. लग्नाचा चुडा तिनंच भरला होता. लग्नाला कितीक वर्षं झाली तरी पाळणा हलेना, तेव्हा बांगड्या भरता भरता राजीचं रडणं तिनं ऐकलं होतं. आता सातवा महिना लागला होता, आणि ह्या दिवशी दुसरीनं तो हात धरावा? हजराबीनं पोटावरचे फोड पदरात झाकले आणि पेटी उचलली. डास चावला असेल, असं तिनं स्वतःला बजावलं. माणूस दुसऱ्याला फसवताना तरी जरा विचार करतो, स्वतःला फसवताना तेवढाही करत नाही.

बांगड्या भरून झाल्या. रीतीप्रमाणे राजनंदिनी पोट सांभाळत वाकली आणि तिनं हजराबीच्या पायाला हात लावला.

"मावशी, आशीर्वाद द्या."

"औक्षवंत हो," हजराबी म्हणाली, आणि पटकन पाय मागं घेतले. जानकीबाईनं तिच्या ओटीत खण-नारळ घातला. तो घेऊन ती घरी कशी आली हे तिचं तिला कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी आरशात बघायची सोय राहिली नाही. कपाळावर, गालांवर, पापणीवर, टाळूवर केसांच्या मुळाशी, जिथं म्हणून जागा होती तिथं फोड उठले. ताप असा की हाडं ठणकत होती. मैनुद्दीनला कांजण्या लहानपणीच येऊन गेल्या होत्या, त्यामुळं तो निर्धास्तपणे उशाशी बसला आणि त्याला थट्टा सुचली.

"पन्नाशी आली अन् पोरांची बीमारी! अब झुला बांधू क्या तेरे लिए?"

एरवी तिनं त्याला चार शब्द ऐकवले असते. आज तिनं तोंड भिंतीकडे केलं.

गावातल्या डॉक्टरांनी बघितलं, गोळ्या दिल्या, खपल्या पडेपर्यंत घराबाहेर पडायचं नाही म्हणून सांगितलं. मग सहज विचारावं तसं विचारलं, "दोन-तीन दिवसांत कुणाच्या जवळ गेला होतात? मोठ्या माणसांना हे जड जातं. गरोदर बाई असेल, आणि तिला आधी आलेल्या नसतील, तर तिला फार धोका. बाळालाही. वेळेत नेलं तर मोठ्या दवाखान्यात इंजेक्शन असतं."

"न्हाई," हजराबी म्हणाली. "कुटं गेले न्हाई मी."

मैनुद्दीननं तिच्याकडे बघितलं. डॉक्टर गेल्यावर म्हणाला, "बता दे उनको."

"तुमीच सांगा जाऊन."

"मैं क्या सांगू? हात तूने पकड्या."

ती रडली. सांगायचं म्हणजे काय सांगायचं? बांगडीवालीच्या धंद्यात दुसरं आहे तरी काय? बाया नवऱ्यालाही चारचौघांत हात धरू देत नाहीत, तो हिच्या हातात बिनघोर देतात. एकदा का गावात झालं की हजराबीच्या हातानं रोग दिला, की मग पेटी उचलून आडात टाकायची. झाकली मूठ सव्वा लाखाची. अजून कुणाला काही माहीत नव्हतं. राजीला लहानपणी येऊनही गेल्या असतील, कुणी सांगावं. असं घोकत ती पडून राहिली, आणि डोळे मिटले की राजी वाकताना दिसायची.

संध्याकाळच्या आत दाराशी आवाज आला.

"हजरे, हायस का?"

हजराबी धडपडत उठली. कळलं वाटतं. पदर तोंडावर ओढून ती आतल्या पडद्यामागं उभी राहिली. "आत येऊ न्हका जानकीबाई. माझ्या अंगावर..."

"ठावं हाय मला, सगळ्या गल्लीला झालंय. म्हनून तर आले." जानकीबाईच्या आवाजात राग नव्हता. पडद्याच्या फटीतून हजराबीनं बघितलं. जानकीबाईनं चपला लांब काढल्या होत्या. डोक्यावर पदर नीट घेतला होता. तिनं उंबऱ्यावर पाणी शिंपडलं, कडुनिंबाची डहाळी ठेवली, तिच्याजवळ दहीभाताचं ताट मांडलं आणि गुडघे टेकून उंबऱ्यावर डोकं ठेवलं.

"नशीबवान हायस गं," ती उठत म्हणाली. "देवीच्या बाया आल्या तुझ्या घरी. देवी कुनाच्या बी अंगावर येत न्हाई. अन् आदल्याच दिशी तू माझ्या राजीचा हात भरलास! मी म्हनलं, ही तर देवीच येऊन हात भरून गेली. तिच्या लेकराचं आता काय बी वंगाळ व्हायचं न्हाई."

हजराबीनं पडदा घट्ट धरला. शिव्या खायची तिची तयारी होती. चार बायांत तोंड काळं झालं असतं तेही तिनं सोसलं असतं. पण हे उंबऱ्यावर टेकलेलं डोकं तिला सोसेना.

"जानकीबाई, राजीला कांजण्या आलत्या का वो लहानपनी?"

"न्हाई बा. गोवर आलता. का?"

"तिला दवाखान्यात न्या. डॉक्टर म्हनले, पोटुशी बाईला लई धोका अस्तो. इंजेक्शन हाय म्हने."

"गप!" जानकीबाईनं दोन्ही हात कानांना लावले. "बाया आल्यात तिथं दवाखान्याचं नाव काडू ने. कोप हुतो. अन् राजीला आल्याच तर येऊ दे. मी दहीभात करीन, घरात फोडनी घालायची न्हाई, लिंबाच्या पाल्यावर निजवीन. आल्या तशा जातील."

"डॉक्टर म्हनले..."

"डॉक्टरला काय कळतंय देवीतलं!"

ती वळली. चपला पायात घालू लागली. आता ती गेली असती, घरी जाऊन देवीचं नाव घेत बसली असती, आणि हजराबीची मूठ झाकलेलीच राहिली असती. पुढं राजीचं काय व्हायचं ते झालं असतं, तर तेही देवीच्याच नावावर गेलं असतं. हजराबीला कुणी बोट लावलं नसतं. हे सगळं तिला एका क्षणात दिसलं आणि स्वतःचीच किळस आली.

तिनं पडदा बाजूला सारला. तोंडावरचा पदर काढला. फोडांनी भरलेला, सुजलेला चेहरा घेऊन ती उजेडात उभी राहिली.

"देवीला मधी आनू न्हका जानकीबाई. ह्यात देवी न्हाई. मी हाय. मला ठावं होतं."

"काय ठावं होतं?"

"तुमच्याकडं यायच्या आदी, सकाळीच बघितलते मी फोड. नातीला हेच आलतं. तुमी मला इचारलं, तवा ऊन बाधलंय म्हनले. खोटं बोलले मी. तसंच राजीचा हात धरला."

जानकीबाई एक चप्पल पायात आणि एक बाहेर अशी उभी होती.

"कावून?" ती म्हणाली. आवाज इतका बारीक होता की तो तिचा वाटला नाही.

हजराबीला काहीतरी बरं कारण सापडावं असं फार वाटलं. सापडलं नाही.

"शाईस्तानं तिचा हात धरू ने म्हनून."

जानकीबाई ओरडेल, तळतळाट देईल, म्हणून हजराबी वाट बघत राहिली. ती मात्र परत उंबऱ्यापाशी आली, वाकली आणि दहीभाताचं ताट उचललं. देवीपुढं ठेवलेलं ताट कुणी परत नेत नाही. जानकीबाईनं ते पदराखाली झाकलं आणि ती गेली. कडुनिंबाची डहाळी तेवढी उंबऱ्यावर राहिली. गल्लीच्या तोंडाशी पोचायच्या आतच लेकाशी फोनवर बोलतानाचा तिचा आवाज आला, "अजिनाथ, गाडी घिऊन ये. राजीला अंबाजोगाईला मोठ्या दवाखान्यात न्यायचंय. आत्ताच्या आत्ता, म्हनते न मी!"

पुढचे दिवस हजराबीनं अंथरुणावर काढले. बातम्या मैनुद्दीन आणायचा. इंजेक्शन दिलं. तरी राजीला थोडे फोड उठले. ताप आला. दवाखान्यात ठेवून घेतलं. मग ताप उतरला. मग घरी आणलं. प्रत्येक बातमीला हजराबी "या अल्ला" एवढंच म्हणायची आणि ती वाईटाला म्हणते की बऱ्याला, हे मैनुद्दीनला कळायचं नाही. त्यानं थट्टा करणं सोडून दिलं होतं, आणि थट्टेपेक्षा ते जास्त टोचत होतं.

खपल्या पडल्या, चेहऱ्यावर खड्डे राहिले. ती आठवडी बाजारात आपल्या जागी पेटी मांडून बसू लागली. जानकीबाईनं कुठं बोलून दाखवलं होतं की नाही, देव जाणे. गावाला मात्र सगळं ठाऊक होतं. बाया येत, रंग बघत, घासाघीस करत, आणि हजराबीनं सवयीनं हात पुढं केला की म्हणत, "ऱ्हाऊ द्या मावशी, घरी जाऊन घालतो." तीही मान हलवून बांगड्या कागदात गुंडाळायची. चूक त्यांची नव्हती. आपल्याला कुणी हात देईना याचं दुःख करायचा हक्कसुद्धा आपल्याला नाही, असं तिला वाटायचं, आणि लाज म्हणतात ती हीच.

राजीला मुलगा झाला, सुखरूप झाला, हे मैनुद्दीननं सांगितलं तेव्हा ती पदरात तोंड घालून रडली. बारशाला तिला बोलावणं आलं नाही. येणार नव्हतंच.

त्यानंतरच्या एका बाजारी पेटीसमोर पायांचा एक जोड येऊन थांबला. जानकीबाई होती. हजराबी उठायला लागली.

"बसा," जानकीबाई म्हणाली. हजरेचं आता 'बसा' झालं होतं. "मनगट्या पायजेत. लेकराच्या."

शाईस्ताचं दुकान तिच्या वाटेतच होतं. ते ओलांडून ती आली होती. हजराबीनं काळ्या मण्यांचा डबा पुढं ओढला.

"लेकरू आनलं असतं तर माप..." एवढं बोलून तिनं जीभ चावली.

जानकीबाईनं पदराची गाठ सोडली. आतून पांढऱ्या सुताचं एक इवलं कडं निघालं. बाळाच्या मुठीवरून घालून, गाठ मारून आणलेलं. तिनं ते पेटीच्या झाकणावर ठेवलं.

"हे माप."

हजराबीनं सूत उचललं. आयुष्यात कुणाचं माप तिनं असं घेतलं नव्हतं. तिनं ते आपल्या दोन बोटांवर चढवलं आणि अंगठ्यानं हळूहळू चाचपलं.

"राजी कशी हाय?"

"बरी हाय."

"अन् बाळ?"

"बघा की. सूत हाय न तुमच्या हातात."

हजराबीनं बघितलं. सूत बोटांवर सैल होतं. नुकत्या जन्मलेल्या पोराच्या मानानं मूठ चांगली गुबगुबीत होती.

"अंगानं भरलंय," ती म्हणाली.

"हां," जानकीबाई म्हणाली. "लई भरलंय."

हजराबीनं काळे मणी घेतले, मधे एकेक पांढरा घातला, आणि सुताला लावून लावून दोन मनगट्या ओवल्या. झाल्या तेव्हा वर बघितलं. जानकीबाईनं हात पुढं केला होता, तळवा वर करून, पूर्वी करायची तसा.

हजराबीनं मनगट्या त्या तळव्यावर ठेवल्या नाहीत. तिच्यानं ते झालं नाही. तिनं त्या पेटीच्या झाकणावर ठेवल्या आणि झाकण पुढं सरकवलं. जानकीबाईचा हात थोडा वेळ तसाच राहिला. मग तिनं मनगट्या झाकणावरून उचलल्या, पदरात बांधल्या, पैसे ठेवले आणि ती गर्दीत निघून गेली.

सूत तिनं मागितलं नाही. ते हजराबीच्या दोन बोटांवर तसंच राहिलं, आणि बाजार उठेपर्यंत ती त्या हातानं काही विकू शकली नाही.