खडूची रेघ

"नाटक रोज मीच काय शिकवायचं? आज तुम्ही शिकवा," असं म्हणत का-सरांनी बाकं भिंतीला लावायला लावली आणि वर्गभर खडूची लांबलचक रेघ ओढली. कुणी काहीही उत्तर दिलं तरी हे 'का?' विचारणार, म्हणून पोरांनी त्यांचं हे बारसं केलं होतं.

त्यांची मुलगीही याच वर्गात होती. शाळेत ती त्यांना सर म्हणायची. घरी आठ दिवस काहीच म्हणत नव्हती. नाटक शिकायला तिला लांबच्या शहरात जायचं होतं, आणि सरांनी नन्नाचा पाढा लावला होता. जगाला कारणं विचारणाऱ्या या गृहस्थानं स्वतःचं कारण काही सांगितलं नव्हतं. आई गेल्यापासून घरात दोघंच. त्यातलं एक रुसलं की घर खायला उठतं. आणि उद्या प्रवेशाची मुदत संपणार होती.

पुस्तकातलं नाटक छोटंसं. नावाड्याच्या मुलाला होडी घेऊन पलीकडच्या तीरावर कामाला जायचंय. ज्याची बायको याच पाण्यात बुडाली तो बाप पहाटे उठतो आणि मुलाची होडी प्रवाहात सोडून देतो.

"या टोकाला बापाचं बरोबर, त्या टोकाला मुलाचं. पटेल तिथं उभं राहा आणि का ते सांगा," सर म्हणाले.

अख्खा वर्ग मुलाच्या टोकाला धावला. एक गडी तेवढा मधोमध थांबला.

"का रे?"

"सर, इथं पंख्याचा वारा लागतो."

वर्ग खो खो हसला. सरही हसले, आणि हसता हसता त्यांचं लक्ष दुसऱ्या टोकाकडे गेलं. बापाच्या बाजूला एकटी त्यांची मुलगी उभी होती. सरांना वाटलं होतं, मुलाच्या टोकाला ती सगळ्यांत आधी पोचेल. ही इथं कशी? त्यांना राहवेना.

"का?" त्यांनी विचारलं. आवाज नेहमीचा नव्हता.

"तो घाबरलाय, सर. त्याला कुणी विचारत नाही, आणि तोही सांगत नाही."

"म्हणून होडी सोडून दिली ते बरोबर?"

"अजिबात नाही. पण सगळेच तिकडे गेले तर त्याच्याजवळ कोण थांबणार?"

मग पंख्याखालचा म्हणाला, "सर, तुम्ही कुठं उभे राहणार?"

सरांनी हातातला खडू टेबलावर ठेवला. मग रेघेवरून चालत मुलाच्या टोकाला गेले. पोरांनी सरकून जागा दिली.

"कारण सांगा, सर!" सगळे ओरडले.

"होडी मुलाची होती," सर म्हणाले. "बापानं सांगायचं होतं, की बाबा रे, तू गेलास तर मी एकटा पडेन, मला भीती वाटते. तेवढं बोलायचं आणि जाऊ द्यायचं."

"मग आता तो काय करेल?" पलीकडून मुलीनं विचारलं.

"जा म्हणेल. उद्याच जाऊन नाव घाल म्हणेल. फक्त रोज एक फोन कर म्हणेल."

"सर, नाटकात फोन कुठून आला?" पोरं हसून हसून बेजार झाली.

ती हसली नाही. भरल्या वर्गात, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "करीन, बाबा."