पांढऱ्या पाण्याची बादली

कलावतीनं काडी ओढली, शेगडीच्या तोंडाशी धरली आणि कॉक फिरवला. आत कुठंतरी फुस्स झालं, काडीची ज्योत एकदा वाकली आणि विझली. दुसरी काडी ओढली, तीही गेली. तिसरीला नुसतीच बोटं भाजली, तेव्हा तिनं काडेपेटी ओट्यावर ठेवली आणि पदराला हात पुसला.

दारात तिचा नवरा उभा होता. धर्मपालच्या हातात खराटा होता आणि पायजमा पोटऱ्यांपर्यंत दुमडलेला.

"नाई लागला?"

"लागन. थंडी अजून गेली नाई ना, म्हणून."

थंडी कसली डोंबलाची. होळी होऊन गेली होती, दुपारी अंगणात पाय ठेववत नव्हता. पण बायको म्हणते म्हणून धर्मपालनं मान हलवली, कोपऱ्यातली निळी बादली उचलली, बाटलीतलं फिनाइल तिच्यात ओतलं आणि गोठा धुवायला गेला. बादलीतलं पाणी दुधासारखं पांढरं झालं होतं.

हा गोबरगॅस म्हणजे त्याचाच हट्ट, आणि हट्ट कुणासाठी तर कलावतीसाठी. ती लग्न होऊन पवनीकडून रायपूरच्या रेल्वे क्वार्टरात आली, तेव्हापासून तिला एकच वेड होतं, स्वतःच्या शेताचं. क्वार्टरात फुटक्या बादलीत कोथिंबीर लावून तिनं ती हौस इतकी वर्षं कशीबशी भागवली. धर्मपाल रिटायर झाला आणि दोघं तेलीबांध्याच्या पलीकडे, नव्या रायपूरच्या रस्त्यावरून आत एका गावात, धानाचा लहानसा तुकडा घेऊन राहायला आले. कलावती अशी खूश झाली की माहेरी आल्यासारखी बांधावरून फिरायची.

पण तिला दमा होता. हार्वेस्टर धान कापून जायचा आणि मागे शेतभर तणस पडून राहायचं. आजूबाजूचे शेतकरी ते सरळ पेटवून द्यायचे. मग दिवसच्या दिवस धूर गावावरून हलत नसे. मागच्या धुरात तर तिला रातोरात दवाखान्यात न्यावं लागलं. मुलगा लोकेश तेलीबांध्याला फ्लॅटमध्ये राहत होता. तो आला आणि म्हणाला, "बस हो गया आई. अब मेरे साथ चलो. लिफ्ट है, सामने तालाब है."

"तुहा तलाव तुले लखलाभ," कलावती म्हणाली खरी, पण तेवढं बोलतानाही तिला धाप लागली होती.

तेव्हा धर्मपालनं हा घाट घातला. दोन गाई होत्याच. शेणात तणसाची बारीक कुट्टी कालवली की गॅस होतो, आणि मागे जो शेणकाला उरतो त्याचं खत होतं. आपला जाळ लोकांनी पाहिला तर तेही तणस पेटवायचं सोडून देतील, सगळ्यांचा मिळून मोठा प्लांट होईल, आणि कलावतीला शेत सोडावं लागणार नाही, असा त्याचा हिशोब. शेजारच्या हिरालाल साहूचं शेत सगळ्यात मोठं, ते पेटलं की धूर थेट यांच्या दारात. त्यानं ऐकून घेतलं आणि बिडी विझवत म्हणाला, "पहिली आगी बरत देखाव भैया, तहाँ जम्मो पैरा लेग जाव." आधी जाळ दाखवा, मग सगळं तणस तुमचंच. बुद्ध पौर्णिमेला खीर करू आणि तुम्हाला जाळावर शिजताना दाखवू, असं धर्मपालनं त्याला सांगून टाकलं. लोकेशनंही तोवर थांबायचं कबूल केलं. पौर्णिमेच्या सुमारास उन्हाळी धान कापलं जातं, म्हणजे त्यानंतर पुन्हा धूर होताच.

जाळ लागला नव्हता असंही नाही. संक्रांतीच्या सुमारास शेगडीवर निळी फुलं फुलली होती, चहासुद्धा झाला होता. त्या दिवशी लोकेशनं ऑफिसातले दोघेतिघे दाखवायला आणले. त्यातल्या एकानं अंगणात पाय ठेवताच खिशातून रुमाल काढला आणि नाकाला लावला. बस, एवढंच. कलावतीनं ते पाहिलं आणि मनात म्हटलं, यांनी पाहिलं नसू दे. पण दुसऱ्याच दिवशी धर्मपाल फिनाइलचा मोठा डबा घेऊन आला.

त्याला स्वतःला वास येत नसे. उभी नोकरी त्यानं रेल्वेचे डबे धुण्यात घालवली, आणि फिनाइलच्या त्या वाफेत नाक कायमचं गेलं. डाळ करपली तरी पत्ता नसायचा. म्हणून तो रोज संध्याकाळी बायकोला विचारायचा, "कला, आपल्या घराले वास येत नाई ना?"

"नाई."

"आपल्या लोकांच्या घराले वास येते असं कोणी म्हणाले नाई पाहिजे."

रेल्वेच्या डब्याच्या दारात पाय उचलून बसलेली माणसं, आणि त्यांच्या पायाखाली वाकून धुणारा हा, हे तिला न सांगता माहीत होतं.

होळीनंतर प्लांट बसवून देणारी सुनीती आली. चुणचुणीत पोरगी होती. तिनं प्लांटच्या घुमटावर कान लावला, शेण कालवायच्या कुंडीत काठी फिरवली, काठीचं टोक हुंगलं आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"काकी, इसमें साबुन-फिनाइल तो नहीं जा रहा? गॅस बनाने वाले कीड़े मर जाते हैं."

गोठा धुतलेलं पाणी नालीवाटे सरळ कुंडीत येत होतं. कलावतीची नजर निळ्या बादलीकडे गेली.

"पाहीन मी," ती एवढंच म्हणाली.

काम बिघडलंय, पण गेलेलं नाही, असं सुनीती म्हणाली. फिनाइल थांबवायचं, चालू प्लांटमधला काला आणून ओतायचा, ढवळत राहायचं आणि वाट पाहायची.

आता नवऱ्याला सांगायचं, यात अवघड ते काय? कलावतीनं चहा ठेवला आणि दोन कप घेऊन मागे गेली. धर्मपाल घुमटाच्या पोटाला तळहात लावून बसला होता. लोकेश लहानपणी तापला की तो असाच हात लावून बसायचा.

"इतकं केलं कला," तो तिच्याकडे न बघता म्हणाला, "अन माह्याच हातानं काई चुकलं असन, अन तुले शेत सोडा लागलं, तर..."

पुढचं त्यानं गिळलं. कलावतीनं कप त्याच्या हातात दिला आणि तीही पुढचं गिळून बसली. सांगितलं तर हा मोडून जाईल, आणि फिनाइल बंद केलं तर येणाऱ्याजाणाऱ्याच्या नाकाकडे बघत दारात उभा राहील. दोन्ही तिला बघवलं नसतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती सिलिंडरवर शिजवलेला भात वेळत होती. पातेल्यातून पांढरं मांड खाली भांड्यात पडत होतं. इथले लोक त्याला पसिया म्हणतात, उन्हातान्हाचे पितात. कलावती त्या पांढऱ्या धारेकडे बघत राहिली, इतकी की भाताचं झाकण सुटता सुटता राहिलं.

धर्मपाल आंघोळीला गेला तेव्हा तिनं फिनाइलची बाटली रस्त्याकडच्या खड्ड्यात उपडी केली, राखेनं खळखळून धुतली आणि तिच्यात पाणी घालून पातळ केलेलं मांड भरलं. फिनाइलचा मोठा डबा कणगीमागे ढकलला, आणि वर पोतं टाकलं. त्यातून बाटली भरून ठेवायचं काम तसंही तिचंच होतं. धर्मपाल बाहेर आला, बाटली बादलीत ओतली, पाणी पांढरं झालं. त्यानं गोठा धुतला, अगदी कोपरे खरवडून. कलावतीनं ओट्याशी उभं राहून देवाचं नाही तर कुणाचं, पण कुणाचं तरी नाव घेतलं.

मग हे रोजचंच झालं. मांड आंबतं म्हणून ती रोज ताजं भरायची. सुनीतीनं दुसऱ्या गावच्या प्लांटमधला काला आणून दिला, तो नवराबायकोनं मिळून ओतला. नवऱ्याला इतकी वर्षं कधी फसवलं नव्हतं, आणि आता फसवत होती ते भाताच्या पाण्यानं. कधी तिला हसू यायचं, कधी जीव खालीवर व्हायचा.

एकदा तर रंगेहाथ सापडणार असंच वाटलं. धर्मपाल बादलीपाशी उकिडवा बसला होता, हलेचना. ती मागून गेली, तर बादलीच्या काठावर आणि बाटलीच्या बुडाशी लाल मुंग्यांची रांग लागली होती.

"काय झालं?"

"काई नाई. उन्हाळ्यात मुंग्या निघतातच."

त्यानं खराट्यानं मुंग्या हळूच बाजूला सारल्या, बाटली ओतली आणि रोजच्यासारखा गोठा धुतला. कलावतीच्या जिवात जीव आला. संध्याकाळी तो वासाचं विचारायला विसरला. थकला असेल, तिला वाटलं.

चैत्र सरता सरता एका दुपारी काडी धरल्याबरोबर शेगडीनं भक्‌कन जाळ धरला. कलावती दचकून मागे सरली, मग खुर्चीत बसून रडली. धर्मपाल धावत आला. जाळाकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं, आणि शेगडीवर निमूट चहाचं आधण ठेवलं.

पौर्णिमेला दारावर पंचशील झेंडा लागला. बुद्धांच्या तसबिरीपुढे वंदना झाली. लोकेश आणि त्याची बायको साक्षी गाडी घेऊन आले. आईचे कपडे न्यायला मोठी सुटकेस आणल्याचं त्यानं उतरता उतरताच सांगितलं. हिरालाल आपल्या चार भावकीतल्यांना घेऊन आला आणि स्वयंपाकघराच्या दाराशी उभा राहिला. घरच्याच तांदळाची खीर निळ्या जाळावर रटरटत होती. त्यानं वाकून शेगडीखाली पाहिलं, कुठं सिलिंडर लपवलाय का म्हणून. मग जाळाजवळ तळहात नेला आणि पटकन मागे घेतला.

दुसरी वाटी संपवल्यावर तो म्हणाला, "काली ट्रैक्टर म पैरा भर के ले आहूँ." उद्याच तणसानं भरलेला ट्रॅक्टर येणार होता.

"अन पेटवाचं?" कलावतीनं विचारलं.

"नइ जलावन दीदी," तो म्हणाला. भावकीतल्यांनीही माना हलवल्या. एक जण अजून घुमटाभोवती घिरट्या घालत होता.

कुणी नाकाला रुमाल लावला नाही. कलावतीनं सगळ्यांकडे एकेक करून पाहिलं होतं. जाताना लोकेशनं सुटकेस न उघडताच गाडीच्या डिकीत परत ठेवली. "आता हूँ फिर," म्हणाला आणि आईच्या पाया पडला.

सगळे गेले. उन्हं कलली होती. कलावती खिरीचं पातेलं घासत होती तेव्हा धर्मपाल आत आला. त्यानं हातातली फिनाइलची बाटली ओट्यावर तिच्याशेजारी ठेवली. बाटली रिकामी होती.

"उद्याचा भात जरा जास्त पाण्यात शिजव," तो म्हणाला.

तिचा हात थांबला. "काहून?"

"गोठा धुवाचा आहे ना. आज खीर होती, मांड निंगालं नाई."

नळ चालूच राहिला. तो धर्मपालनं बंद केला.

"फिनाइलले मुंग्या लागत नाई कला. सारी नोकरी तेच तर टाकलं मी."

"मंग तवाच सांगतलं काहून नाई?"

"तू सांगतलं काय?"

कलावतीच्या डोळ्यांत पाणी आलं आणि हसूही. पदर तोंडाला लावून ती तशीच उभी राहिली. मग धर्मपालनं बाटलीचं झाकण उगीचच काढलं, उगीचच लावलं, आणि किती दिवसांनी तेच विचारलं.

"वास येते काय गं आपल्या घराले?"

इतकी वर्षं तोंडावर असलेलं 'नाई' तिच्या ओठांपर्यंत आलं होतं.

"येते," ती म्हणाली. "गोठ्याचा येते तेवढा."

धर्मपालनं खिडकीतून गोठ्याकडे पाहिलं. गाई रवंथ करत होत्या, पलीकडे हिरालालच्या शेतात कापलेलं तणस तसंच पडून होतं.

"येऊ दे," तो म्हणाला.

कलावतीनं फळीवरून मोठं पातेलं काढलं आणि उद्याच्या भातासाठी पुसून ठेवलं.