काचकांडीचा टवका

मी काचकांडी बोलतेय. रोह्याच्या कारखान्यातल्या प्रयोगशाळेत चंचुपात्रं ढवळण्यात माझं तरुणपण गेलं. लोकांना वाटतं, काच म्हणजे थंड स्वभावाची. छे! मला घडीभर स्वस्थ बसवत नाही. कपाटात ठेवलं की जीव नुसता कासावीस होतो.

मला घडवलं सॅम्युएल सरांनी, इथल्या मुख्य केमिस्टनी. लांब सळीतून कापून त्यांनी माझं एक टोक ज्योतीत धरलं, गोल केलं. दुसरं मुद्दाम खरखरीत ठेवलं. द्रावण गार होऊनही स्फटिक धरेना, की त्या टोकानं पात्राची आतली बाजू घासायची. मग आळशी स्फटिक जागे होतात. त्या कामाचा मला भारी तोरा होता.

सर आता कायमचे इस्रायलला निघाले होते, मुलीकडे. त्यांच्या हाताखाली चंद्रावती होती. कासूच्या मिठागरात राबणाऱ्या काळुरामची ही लेक तीन वर्षं टेंपररीच. एका औषध कंपनीला नमुना हवा होता. तो वेळेत पसंत पडला तर तुला पक्की करू, असं मोठे साहेब हैबतराव बोलले होते. पाचला गाडी नमुना घेऊन निघायची होती.

सकाळी तिनं तपकिरी कच्चा माल उकळत्या पाण्यात विरघळवायला घेतला. माल जेमतेम विरघळेल एवढंच पाणी घालायचं, हा नियम. पण मिठागरवाल्यांचा हात तो! तिथं जास्तीचं पाणी ऊन पिऊन टाकतं, कुणाचं काही बिघडत नाही. बाईसाहेबांनी सढळ हातानं ओतलं. कोळशाची पूड घालून रंग काढला, गरम गरम गाळलं, गार करत ठेवलं. तास झाला, दीड तास झाला. तळाशी एक कण असेल तर शपथ!

मग तिच्या ध्यानात आलं. निम्मं पाणी आटवलं, पात्र बर्फात ठेवलं. तरी ठणठण गोपाळ. घड्याळात दोन वाजून गेले आणि तिनं मला उचललं.

खरं सांगते, मीही चेकाळले होते. तिला घाई, मला तिच्याहून घाई. कचाकचा घासत सुटलो दोघी. आणि बघता बघता पात्रभर पांढरे स्फटिक उतरले. तिचे डोळे भरून आले. गाळून, बर्फाच्या पाण्यानं धुऊन, वाळवून तिनं द्रवणांक पाहिला. बरोब्बर एकशे बावीस, म्हणजे माल शुद्ध. हैबतराव डोकावून खूश होऊन गेले.

मला धुताना तिचं बोट टोकावर थबकलं. तांदळाच्या कणीएवढा टवका उडाला होता. मला घासतानाच कळलं होतं, पण माझ्या तोंडाला वाचा कुठली? टवका मालात गेला होता. द्रवणांकात तो दिसत नाही, आणि स्फटिकांच्या चमकेत काचेची चमक कोण ओळखणार?

तिनं मला खणात सरकवलं. बाटलीला बूच लावलं. चार पावलं गेली, परत आली. खण उघडला, लावला. शेवटी मला हातात घेऊन सरांसमोर उभी राहिली.

"सर, ह्यात काच हाय. माझ्याच हातनं गेली. आज नमुना द्यायचा नाय."

हैबतरावांनी आकाशपाताळ एक केलं. गाडी रिकामी जाणार असेल तर पक्कं व्हायचं विसर, असं तोंडावर सुनावलं. ती रडत रडत तेच स्फटिक विरघळवायला पुन्हा पाणी उकळत बसली, या वेळी मोजून. गरम द्रावण गाळलं आणि टवका गाळणकागदावर सापडला. नमुना दुसऱ्या दिवशी गेला. तोवर ऑर्डर दुसरीकडे गेली होती.

जायच्या दिवशी सरांनी तिच्या हातावर प्रयोगशाळेच्या कपाटाची चावी ठेवली. "पक्की करणं साहेबांच्या हातात आहे," ते म्हणाले. "माझ्या हातात एवढंच आहे."

पुढे दोन वर्षांनी ती पक्की झाली. आज तिच्या हाताखाली चारजण आहेत. मी मात्र तिच्या खणात तशीच, मोडक्या टोकाची. नवीन कुणी आलं की ती मला दाखवते, ती गोष्ट सांगते आणि परत ठेवून देते. पाव शतक झालं, काम नाही.

चंद्रावती, तू त्या दिवशी बोललीस आणि मोकळी झालीस गो. मला कुठं बोलता आलं? एकदा हे टोक ज्योतीत धर, गोल कर आणि मला कुठल्याही पात्रात घाल. घासणार नाही, नुसती ढवळीन.