काँक्रीटात रुतलेली किटली

मित्रांनो, मी दुधाची किटली. अॅल्युमिनियमची, वयाने जुनी. पोटाला पोचे आलेत, पण झाकण अजून असं घट्ट बसतं की हल्लीच्या प्लॅस्टिकच्या बरण्यांनी माझ्याकडून शिकावं. सारजाबाईंच्या लग्नात त्यांच्या वडिलांनी एक म्हैस दिली आणि म्हशीबरोबर मला दिलं. म्हैस केव्हाच गेली. मी राहिले.

पुढे त्यांच्या मुलाने, विलासने, मला मोटारसायकलला अडकवलं. रोज सकाळी आम्ही मारुंजीच्या सोसायट्यांत दूध घालायला जायचो. बायका म्हणायच्या, "दूध असावं तर असं!" कौतुक सगळं म्हशीचं. माझ्या पोटात ते कधी नासलं नाही, याचं कुणाला काय! असो.

एका सकाळी वळणावर समोरून काँक्रीटचा मिक्सर ट्रक आला आणि वळण कापत थेट आमच्या बाजूला घुसला. विलास उडून कडेच्या भातखाचरात पडला. पाय मोडला, पण चिखलाने जीव वाचवला. मी हुकातून निसटून ट्रकच्या मागे गडगडत गेले. ड्रायव्हरने करकचून ब्रेक दाबला, तसं मागच्या पन्हळीतून ढीगभर ओलं काँक्रीट माझ्यावर आणि रस्त्यावर सांडलं. मग त्या शहाण्याने काय करावं? त्याच काँक्रीटावरून ट्रक मागे घेतला, पलीकडे स्वतःच्या बाजूला नेऊन उभा केला आणि लोक जमल्यावर साळसूदपणे म्हणाला, "हम तो अपनी साइड में थे. दूधवालाही घुस आया."

लोकांनी पाहिलं तर ट्रक त्याच्या बाजूला आणि विलास खाचरात. "दूधवाल्यांना घाईच लई!" झाला निकाल! विलासला दवाखान्यात नेलं आणि गुन्हा त्याच्यावरच नोंदवणार अशी बोलवा उठली. अशा माणसाला सोसायटीच्या गेटातून आत कोण सोडणार? माझा जीव तीळतीळ तुटत होता. खरं मला ठाऊक होतं, पण गळ्यापर्यंत काँक्रीटात रुतल्यावर बोलणार कसं?

विलासचा पाय प्लॅस्टरमध्ये गेल्यावर सारजाबाई थेट माझ्याकडे आल्या. "माज्या बापाची किटली!" म्हणून हंबरडाच फोडला. भोवती दगड आणि झाडाच्या फांद्या लावल्या, सगळ्यावर गोणपाट टाकले आणि घागरीने पाणी ओतायला लागल्या.

टपरीवाला माऊली पोट धरून हसला. "आत्ये, अगं पानी मारशील तितकं ते घट्ट व्हतंय! बांधकामावर मारत्यात न्हाई का?"

"गप रं. माती पान्यानं सुटती. ही बी सुटंल."

दिवसभर पाणी ओतून त्यांनी मला पार दगडात चिणून टाकलं. माया असावी तर अशी!

दुसऱ्या दिवशी ट्रकच्या कंपनीचा सुपरवायझर फोडायचं मशीन घेऊन आला. "आजी, बाजूला व्हा. रस्ता क्लिअर करायचाय. नवीन किटली देतो तुम्हाला."

"तुजी तुज्यापाशी ठिव!" सारजाबाईंनी गोणपाटावरच बसकण मारली. शेवटी त्याने वैतागून पोलिसांना फोन केला, की म्हातारी कामात अडथळा आणतेय. आपल्याच पायावर धोंडा पाडून घेणं म्हणतात ते हेच.

हवालदार आले. "उठा आजी, बघू तरी कसली किटली," म्हणत त्यांनी गोणपाट उचलला आणि जागीच थबकले. माझ्या शेजारी दगडासारख्या घट्ट काँक्रीटात जोडचाकांचा माग उमटला होता. खाचराच्या कडेपासून निघून तो वळत पलीकडच्या बाजूला गेला होता. टायरची एकही नक्षी पुसली गेली नव्हती.

"काय हो, मोटारसायकलीला जोडचाकं कवापासनं आली?" हवालदारांनी विचारलं. "आन् तुमचा ट्रक आपल्या बाजूलाच हुता, तर हितं काय गवत खायाला आलता?"

सुपरवायझरचा चेहरा पडला. हवालदार पंच बोलवायला फोन घेऊन बाजूला गेले, तसा तो एकदम लाडात आला. "आजी, तुमचंच खरं. किटली अलगद काढून देतो. आत्ताच्या आत्ता. फक्त तेवढं फोडू द्या."

सारजाबाईंनी माझ्याकडे पाहिलं. झाकणावरून हात फिरवला. त्यांचे डोळे भरून आले.

"ऱ्हाऊ दे तिला हितंच," त्या म्हणाल्या. "माजं लेकरू सुटू दे." आणि पुन्हा बसल्या. मघाशी माझ्यासाठी बसल्या होत्या, आता विलाससाठी. मला वाईट वाटलं का? थोडं वाटलं, खोटं कशाला बोलू? पण त्यांच्या जागी मी असते, तर मीही तेच केलं असतं.

विलासवरचा आळ गेला. गुन्हा ट्रकवाल्यावर नोंदला. रस्त्याचा तो तुकडा माझ्यासकट कापून पोलीस चौकीच्या आवारात आणून ठेवलाय. तेव्हा मित्रांनो, वळणावर आपली बाजू सोडू नका, आणि घरातली जुनी भांडी एवढ्यात मोडीत घालू नका.

विलास आता काठी टेकत चालतो. परवा आईला घेऊन आला होता. सारजाबाईंनी पदराने माझं झाकण लखलखीत पुसलं आणि हवालदारांना दम भरला, "पुरावा हाय, नीट सांभाळा. हिला येक जरी पोचा आला, तर म्या तुमच्यावर केस करीन!"