अर्ध्या इंचाचा चमत्कार

"वाढला! पाय वाढला!" कुणीतरी ओरडलं आणि बुटांच्या कारखान्यामागची पत्र्याची शेड टाळ्यांनी दणाणून गेली.

बाकावर शिलाई विभागातली एक मुलगी पाय लांब करून बसली होती. तिच्यापुढे गुडघे टेकून, तिच्या दोन्ही टाचा तळहातांवर घेऊन, स्पर्शगुरू. मघाशी सगळ्यांनी आपल्या डोळ्यांनी पाहिलं होतं, तिचा डावा पाय उजव्यापेक्षा चांगला अर्धा इंच आखूड होता. गुरूंनी डोळे मिटले, "सूट गाठी, सूट" असं तीनदा पुटपुटले, आणि हळूहळू दोन्ही बुटांचे तळ एका रेषेत आले.

"कमरेत गाठ होती," गुरू घाम पुसत म्हणाले. "तेवीस वर्षांची. आजीच्या रागाची."

मुलीची आजी तिच्या जन्माआधीच गेली होती, पण एवढं आठवायला कुणाला सवड होती? गुरूंनी तिला वाकायला लावलं. पहिल्यांदा तिची बोटं जेमतेम नडगीपर्यंत पोचली होती. आता पाठीवरून हात फिरल्यावर ती घोट्यांना टेकली. पुन्हा टाळ्या.

कारखान्यातल्या बायकांचा हा फुटबॉल संघ. गोलमध्ये उभी राहायची ती थोरली. ती चेकिंगला होती. दिवसभर जोडातले दोन बूट तळाला तळ लावून बघायचे, कमीजास्त असेल तर बाजूला टाकायचे. तिची धाकटी बहीण फॉरवर्डला खेळायची. त्या दिवशी थोरलीनंही टाळ्या वाजवल्या. धाकटीनं तर शिट्टी मारली.

"ते पळणं, उड्या, ताणाताणी बंद करा," गुरूंनी फर्मावलं. "ऊर्जा सांडते. नाड्या सैल, मन सैल! मैदानात उतरण्याआधी माझा दोन मिनिटांचा स्पर्श, बस."

कोच जरा घुटमळले. पण आठ तास उभं राहून आलेल्या बायकांना वीस मिनिटांचा वॉर्म-अप नकोसाच झाला होता. त्यात लागोपाठ दोन सामने जिंकले. मग कोण कशाला बोलतंय!

तिसऱ्या सामन्यात धाकटीनं हेडरसाठी उडी घेतली. आजूबाजूला कुणी नव्हतं. ती डाव्या पायावर उतरली, गुडघा आत वळला आणि ती खाली बसली. तिची किंकाळी मैदानाच्या दुसऱ्या टोकाला, गोलमध्ये ऐकू आली.

थोरली धावली. तिथपर्यंतचं तिला आठवतं. त्यानंतर तिनं फॉर्म भरले, कपडे आणले, शेजारणींना निरोप दिले. लोक म्हणाले, काय धीराची पोरगी आहे. धीर कसला! आत सगळं बधिर झालं होतं. जेवायला बसली की थोड्या वेळानं ताट रिकामं दिसायचं, काय खाल्लं ते सांगता यायचं नाही.

गुडघ्यातलं लिगामेंट तुटलं होतं. ऑपरेशन पुढच्या गुरुवारी ठरलं.

ऑपरेशनच्या आठ दिवस आधी, बुधवारी, स्पर्शगुरू घरी आले. धाकटी पट्ट्यात जखडलेला पाय उशीवर ठेवून पडली होती.

"सुरी लागली की ऊर्जा कायमची गेली," ते म्हणाले. "रविवारी शेडमध्ये या. नऊ स्पर्शांत उभी करतो. पण हे झालं कसं? घरात कुणीतरी संशय घेतलाय." आणि त्यांनी थोरलीकडे पाहिलं.

ते गेल्यावर धाकटीनं विचारलं, "ताई, तू काही बोलली होतीस?"

"नाही."

"मनात?"

थोरलीनं आठवून पाहिलं. मनातसुद्धा काही नव्हतं. आत्ताही नव्हतं.

"मी गुरुवारी जाणार नाही," धाकटी भिंतीकडे तोंड करून म्हणाली.

दुसऱ्या दिवशी थोरली रिपोर्ट आणायला दवाखान्यात गेली. तिथल्या फिजिओबाईंना तिनं गाठलं. "वॉर्म-अप केला असता, तर हे टळलं असतं?"

"ते कुणीच छातीठोकपणे सांगू शकणार नाही," बाई म्हणाल्या. "पण जे संघ रोज नीट तयारी करतात, उडीनंतर उतरायचं कसं, एका पायावर तोल कसा धरायचा, मांडीच्या मागचे स्नायू कसे मजबूत करायचे, त्यांच्यात अशा दुखापती कमी होतात. नुसतं वाकता येणं म्हणजे तयारी नव्हे."

"पण गुरूंचा हात लागला की लगेच जास्त वाकता येतं."

"पहिल्यांदा वाकताना शरीर हात राखून असतं. तोच ताण दुसऱ्यांदा अंगाला ओळखीचा होतो, मग ते थोडी ढील देतं. कुणी हात लावो न लावो."

शुक्रवारी चेकिंगच्या टेबलावर एक जोड तिच्या हातात आला. डावा आखूड वाटला. तिनं बाजूला टाकला, मग नंबर बघून पुन्हा उचलला. दोन्ही सारखे होते. तिच्याच हातातला उजवा जरासा पुढे सरकला होता. तिनं तो अंगठ्यानं मागे ढकलला. डावा वाढला. तिनं पुन्हा करून पाहिलं. पुन्हा वाढला. तिला ना राग आला, ना आनंद झाला. तिला फक्त कळलं.

रविवारी शेडमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. धाकटीला वाकता येत नव्हतं म्हणून थोरलीनंच तिला कॅनव्हासचे बूट घातले, टाच नीट बसवली. मग चामड्यावर खूण करायचं चंदेरी पेन काढून दोन्ही काळ्या मोज्यांवर, बुटाच्या काठालगत एकेक रेघ ओढली.

"हे काय गं?"

"खूण."

गुरूंनी बुटांच्या नाड्या सैल केल्या, टाचा हातांत घेतल्या, मान हलवली. "बघा! दुखावलेला पाय अर्धा इंच आक्रसलाय!"

शेडमध्ये हळहळ पसरली.

"थांबा," थोरली म्हणाली. आवाज चढला नव्हता. "हात तसेच ठेवा. डावा नको, सगळ्यांनी उजवा पाय बघा. चांगला पाय."

डाव्या पायाची रेघ काठालगतच होती. उजव्या पायाची रेघ आणि बुटाचा काठ यांच्यामध्ये अर्धा इंच काळा मोजा दिसत होता.

"बूट टाचेवरून खाली ओढलाय. म्हणून हा लांब दिसतो आणि दुसरा आखूड. आता ते मंत्र म्हणत बूट मागे ढकलतील, की झाले पाय सारखे. नाड्या सैल त्यासाठीच. गुरुजी, बूट काढून करून दाखवा."

"अनवाणी नाही चालत!" गुरू तडकले. "चामड्यातून ऊर्जा वाहते!"

"हे कॅनव्हास आहे," कोच म्हणाले.

मागे कुणीतरी फिस्सकन हसलं. थोरलीनं झाडणाऱ्या मावशींना पुढे बोलावलं. "मावशी, गुडघे सरळ ठेवून वाका बघू. सावकाश." मावशींची बोटं नडगीच्या मध्यावर थांबली. "उभ्या राहा. आता परत." या खेपेला बोटं चार अंगुळं खाली गेली.

"अगं बाई! मला कुणी हात लावला?"

"कुणीच नाही. आधीही गुरूंचा हात काहीच करत नव्हता."

एकेक करून बायका वाकायला लागल्या. एकदा, दोनदा, आपल्या आपण. "इथली ऊर्जा नासली," असं म्हणत गुरूंनी पिशवी उचलली. त्यांना कुणी अडवलं नाही.

धाकटी बहिणीकडे बघत नव्हती. "चार दिवस तरी आशा ठेवू द्यायची होतीस."

"चार दिवसांनी गुरुवार आहे," थोरली म्हणाली.

गुरुवारी ऑपरेशन झालं. नीट झालं. निदान नऊ महिने मैदान बंद, डॉक्टर म्हणाले. दवाखान्याच्या बाकावर बसून थोरलीनं ते ऐकलं आणि मान हलवली. रडू येईल असं वाटलं होतं. आलं नाही.

दीड महिन्यानं धाकटी कुबड्या घेऊन सरावाला आली. संघ उड्या मारून गुडघे आत वळू न देता उतरत होता, एका पायावर तोल धरत होता. शिलाईवाली कुरकुरली, "एवढा वेळ यातच जातो, खेळणार कधी?"

"मीपण हेच म्हणायचे," धाकटी म्हणाली. सगळ्या थांबल्या. "गुरू फार हुशार नव्हता गं. आपल्याला कष्ट नको होते आणि तो कष्ट नकोत असं म्हणाला, म्हणून तो खरा वाटला. चांगली बातमी होती ना, म्हणून हे होतं कसं, असं एकीनंही विचारलं नाही. दोन सामने जिंकलो तर तेवढ्यात पुरावा मिळाला! या सरावातही पूर्ण हमी नाही, फिजिओबाई तसं तोंडावर सांगतात. जो शंभर टक्के हमी देतो, त्याला पहिलं विचारायचं, दाखव कसं करतोस ते. तो चिडला तर समजायचं."

थोरली गोलमध्ये उभी होती. कितीतरी दिवसांनी तिला पुन्हा काहीतरी जाणवलं, आपले तळहात गार पडलेत हे.

"आणि विचारायला गुडघा तुटायची वाट बघू नका," धाकटी म्हणाली. "मी बघितली."