वीतभर पाणी

दुष्काळाचं तिसरं वर्ष. धरण तळाला गेलेलं, आणि शहराला किती वीज द्यायची याचं नियोजन माझ्या गळ्यात. सकाळीच मी सही ठोकून मोकळी झाले होते: जलविद्युत केंद्राला आठवडाभर पुरेल इतकं पाणी आहे, तोवर वीजकपात नाही. साहेबांनी लगेच तसं जाहीरही करून टाकलं.

दुपारी केंद्रातून फोन आला. टर्बाइन थरथरतंय, पाण्याबरोबर हवा ओढली जातेय. माझ्या हिशोबानं पाणी अजून वीतभर वर असायला हवं होतं, आणि ती वीत म्हणजेच आठवड्याची वीज.

मी बाबांना फोन लावला. धरणाची पातळी गेली तीस वर्षं तेच वाचतात. पाण्यातली मोजपट्टी गाळात वीतभर खचलीय, त्यामुळे आकडा तेवढा जास्त दिसतो. बाबा ती वीत मनातल्या मनात वजा करूनच लिहितात, हे मला पक्कं ठाऊक. म्हणून ती दोनदा वजा होऊ नये यासाठी, कार्यालयात आकडा आल्यावर होणारी वजाबाकी मीच काढून टाकली होती. बापाला माझ्याइतकं कोण ओळखतं, ही माझी घमेंड!

"बाबा, वीत वजा केलीत ना?"

"नाही गं. तुझंच पत्रक आलं ना, जे दिसेल तेच लिहा म्हणून? खाली लेकीची सही. म्हटलं, निदान हिचं तरी ऐकावं."

पत्रक सगळ्यांसाठीच काढलेलं, बाबा ते पाळणार नाहीत हे मी धरूनच चालले होते. जन्मात कुणाचं ऐकलं नाही या माणसानं, आणि ऐकलं ते नेमकं हे. आधी मला त्यांचा संताप आला, मग स्वतःचा.

टर्बाइन या क्षणी थांबवायला हवं होतं, नाहीतर ते निकामी होऊन कित्येक महिने अंधार. पण थांबवायचं म्हणजे कपात, कपातीला साहेबांची सही, आणि साहेब कारण विचारणार. हे मी बाबांना बोलून दाखवलं.

"माझं नाव सांग," बाबा म्हणाले. "आठ दिवसांनी निवृत्तच होतोय मी. तुझी वीस वर्षं राहिलीत."

"काहीतरीच काय बोलताय?"

तेवढ्यात केंद्रातून कळल्यामुळे साहेब तणतणत आत आले. मी फोन तसाच चालू टेबलावर ठेवला.

"कपात? सकाळी तर पाणी होतं! पातळी वाचणाऱ्या म्हाताऱ्यानं घोळ घातला की काय?"

खरं सांगायला फार तर दोन मिनिटं लागली असती. तेवढा वेळ होता.

"हो," मी म्हणाले.

साहेब सही करून निघून गेले. मी फोन कानाला लावला.

"ऐकलं मी," बाबा म्हणाले. "रडतेस काय? आधी टर्बाइन बंद करायला सांग."