मास्तरणीने मागितलेले आठ दिवस

रविवारी सकाळी चहाचे कप उचलून झाल्यावर नवऱ्याने टेबलावर एक कागद ठेवला, पेनाचं टोपण काढून दिलं आणि सही करायची तिथे बोट टेकवलं. आपल्यापैकी कितीतरी घरांत कागदपत्रं अशीच होतात. एक जण बोट ठेवतो, दुसरा सही करतो आणि कागद कपाटात जातो. या घरातही सतरा वर्षं तसंच चाललं होतं. विम्याचा अर्ज असो, भाडेकरार असो, तिने वरचा मजकूर कधी वाचला नव्हता. वाचता येत नव्हतं अशातला भाग नाही. पण तिने कागद हातात घेतला की "अगं, छापील असतं सगळं, त्यात वाचायचं काय?" असं तो म्हणायचा, आणि तिलाही कामावर पोचायची घाई असायची.

त्या दिवशी घाई नव्हती. तिने कागद जवळ ओढला आणि वाचला. दोघांच्या नावावर चौदा वर्षं साठवलेली ठेव मुदतीआधी मोडण्याचा तो अर्ज होता.

ही ठेव कशासाठी होती ते दोघांनाही पाठ होतं. ती गाड्यांची सीटकव्हरं शिवणाऱ्या एका कारखान्यात कामाला होती. शिंप्याला मास्तर म्हणतात म्हणून तिथे सगळे तिला मास्तरीण म्हणायचे, आणि आता शेजारीपाजारीही तेच म्हणू लागले होते. कारखान्याचे म्हातारे मालक दोन वर्षांत काम थांबवणार होते. जागा आणि मशीनं तिनेच घ्यावीत, असं त्यांनी स्वतःहून सुचवलं होतं. ठेव त्यासाठी होती.

"मोडून काय करायचंय?" तिने विचारलं.

नवरा खुशीत होता. तो पाणीपुरवठ्याच्या कार्यालयात हेडक्लार्क. स्वभावाने सरळ, कुणाच्या अध्यात ना मध्यात. त्याच्या शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या एका सहकाऱ्याला सगळे तेजीशेठ म्हणत, कारण बाजार कसाही असो, त्याच्या मते तो उद्या वर जाणारच असायचा. या तेजीशेठने विजेवर चालणाऱ्या गाड्या बनवणाऱ्या एका कंपनीचे शेअर घेतले होते, आणि आठ महिन्यांत त्यांचा भाव दीडपट झाला होता. मग बघता बघता कार्यालयातल्या आठ जणांनी ते घेतले. जेवणाच्या सुट्टीत दुसरा विषय नसायचा. आपणच तेवढे मागे राहिलो, ही गोष्ट नवऱ्याला दोन महिने खात होती. सगळी ठेव त्यात घातली तर दोन वर्षांत जागा तर येईलच, वर नवीन मशीनही येईल, असा त्याचा हिशेब होता. म्हणजे मनात तिचंच भलं होतं.

मास्तरणीने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "गाड्या विकून त्या कंपनीच्या हातात उरतं किती?"

नवरा हसला. अगं, जमाना विजेच्या गाड्यांचा आहे, पेट्रोल किती दिवस पुरणार, सगळं जग तिकडेच चाललंय, असं त्याने समजावलं. ते तिला पटलं. पण तिच्या प्रश्नाचं उत्तर त्यात नव्हतं. तिने तोच प्रश्न पुन्हा विचारला, तेव्हा मात्र त्याचा आवाज चढला.

"सीटकव्हर शिवणं वेगळं आणि हे वेगळं. तुला त्यातलं काय कळणार?"

"नाही कळत, म्हणून तर विचारतेय," ती म्हणाली. "मला आठ दिवस द्या. सही करते की नाही, ते मग सांगते."

तो कागद तसाच टेबलावर सोडून उठला. तिला वाईट वाटलं, पण त्याहून जास्त तिच्या डोक्यात कुतूहल शिरलं होतं. ती रोज गाड्यांमध्ये वाकून, गुडघे टेकून काम करायची. विजेच्या गाड्याही आल्या होत्या. पण गाडीपलीकडे एक कंपनी असते, ती चालते कशी, हा विचार तिने कधी केलाच नव्हता.

सोमवारी योगायोगाने त्याच कंपनीच्या दोन गाड्या कारखान्यात आल्या. एक तीन वर्षांपूर्वीची होती, डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंची. दुसरी यंदाचीच, एका टॅक्सीवाल्याची. मॉडेल तेच. मास्तरणीने दोन्ही गाड्यांच्या सीटा सोडवून शेजारी शेजारी ठेवल्या आणि ती चक्रावलीच. जुन्या सीटची शिलाई दुहेरी होती, आतल्या कडा पट्टी लावून बंद केल्या होत्या. नवीन सीटला एकेरी शिलाई, कडा उघड्या. फोम चांगला बोटभर पातळ. जिथे लोखंडी पकडी होत्या तिथे प्लास्टिकच्या. वरून बघणाऱ्याला दोन्ही सीटा जुळ्या वाटल्या असत्या.

मग तिने गाड्यांच्या मालकांनाच बोलतं केलं. डॉक्टरीणबाई गाडीवर बेहद्द खूश होत्या. आवाज नाही, धूर नाही, खर्च नगण्य. फक्त एकच सल होता. त्यांनी गाडी घेतल्यापासून कंपनीने किंमत दोनदा उतरवली होती, त्यामुळे जुनी विकायला गेलं तर कुणी पूर्वीसारखी किंमत देत नव्हतं. टॅक्सीवालाही गाडीला नावं ठेवत नव्हता. पण त्याने सांगितलं की, हीच गाडी त्याला घासाघीस न करता स्वस्तात मिळाली, कारण समोरच्याच शोरूममध्ये दुसऱ्या कंपनीची तशीच गाडी उभी होती.

बुधवारी डबा लवकर संपवून ती चौकातल्या चार्जिंगच्या जागेवर जाऊन उभी राहिली. तिथला राखणदार आधी तिला संशयाने बघत होता. ती गाड्या मोजतेय हे कळल्यावर त्यालाही गंमत वाटू लागली. अर्ध्या तासात एकवीस गाड्या आल्या. त्यांतल्या नऊ या कंपनीच्या होत्या. दोन वर्षांपूर्वी इथे दुसऱ्या कंपनीची गाडी औषधालाही दिसत नव्हती, असं राखणदार म्हणाला.

हे सगळं घेऊन ती गुरुवारी मावशीकडे गेली. मावशी सरकारी वजनमापे खात्यात निरीक्षक होती. तीस वर्षं तिने दुकानादुकानांत जाऊन काटे तपासले होते. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी कुणी 'अंदाजे' म्हटलं की अजूनही तिच्या कपाळाला आठी पडायची.

मास्तरणीने उत्साहाने सीटची गोष्ट सांगितली आणि कंपनी आतून पोखरलेली आहे असा निकालही देऊन टाकला. मावशीने तिला तिथेच थांबवलं.

"तू पाहिलंस काय? फोम पातळ झालाय. बस, एवढंच. तो का पातळ झाला ते तुला कुठे माहीत आहे? कंपनी हुशारीने खर्च वाचवत असेल, नाहीतर तिची ओढाताण होत असेल. नवरा ऐकीव गोष्टीवर घ्यायला निघाला, आणि तू दोन सीटांवर सोडायला निघालीस. फरक काय दोघांत?"

मास्तरीण ओशाळली. मग करायचं काय, असं तिने विचारलं. कंपनीला दरवर्षी आपला अहवाल सगळ्यांसमोर ठेवावा लागतो, तो कुणालाही फुकट वाचता येतो, हे मावशीने सांगितलं तेव्हा तिचा विश्वासच बसेना. इतकी सगळी माहिती चव्हाट्यावर असते आणि लोक ती जेवणाच्या टेबलावर तेजीशेठला विचारतात?

दोघी मावशीच्या जुन्या संगणकासमोर बसल्या. अहवाल दोनशे पानांचा होता. पहिली चाळीस पानं हसऱ्या चेहऱ्यांच्या फोटोंची. मावशीने ती सरळ मागे टाकली. आकड्यांची पानं आल्यावर मास्तरीण घाबरली, पण मावशी एकेक ओळ बोलून दाखवत गेली आणि हळूहळू गाठ सुटू लागली. कंपनीने गेल्या वर्षी आदल्या वर्षापेक्षा बऱ्याच जास्त गाड्या विकल्या होत्या. पण एका गाडीमागे उरणारा नफा जवळजवळ निम्म्यावर आला होता. कारणही तिथेच लिहिलं होतं. स्पर्धा वाढली, किमती उतरवाव्या लागल्या, आणि म्हणून उत्पादनखर्चात कपात केली. मास्तरणीने ती ओळ तीनदा वाचली. तिने हाताने चाचपलेला फोम तिथे छापील शब्दांत उभा होता.

मग मावशीने आणखी एक गणित मांडलं. कंपनीचे एकूण शेअर किती, आजचा भाव किती, आणि वर्षाचा नफा किती. कॅल्क्युलेटरवर आलेला आकडा तिने मास्तरणीपुढे धरला.

"आजच्या भावाने अख्खी कंपनी कुणी विकत घेतली आणि नफा असाच राहिला, तर पैसे वसूल व्हायला एकशे दहा वर्षं लागतील. म्हणजे घेणारे आजच्या नफ्यावर घेत नाहीयेत, नफा कितीतरी पटींनी वाढेल या भरवशावर घेतायत. वाढेलही. नवा धंदा आहे, अशा धंद्यात चमत्कार होतात. पण तो भरवसा आहे हे घेणाऱ्याला माहीत तरी असावं."

"म्हणजे घेऊ नये?"

"ते मी कशाला सांगू? मी सांगितलं आणि तू ऐकलंस, तर माझ्यात आणि त्या तेजीशेठमध्ये फरक काय राहिला? मी आयुष्यभर कुठल्या दुकानदाराच्या चेहऱ्यावरून काटा खरा ठरवला नाही. वजन टाकलं आणि पाहिलं. तूही तेच कर. हे पैसे बुडाले तर तुमचं काय अडेल, एवढं मात्र आधी स्वतःला विचार."

घरी परतताना मास्तरणीला अगदी हलकं वाटत होतं. तिला कळणार नाही असं जे तिला इतकी वर्षं वाटत होतं, ते चार तासांत कळलं होतं.

नवऱ्याला मात्र ते पचायला जड गेलं. तिने शनिवारी सगळं मांडलं तेव्हा तो आधी हसण्यावारी नेऊ लागला, मग चिडला. बायकोने फोम चाचपून पाहिला म्हणून मी माघार घेतली, हे मी चारचौघांत सांगू का, असं त्याने विचारलं.

"नका सांगू," ती म्हणाली. "फक्त मी तुम्हाला विचारलेला प्रश्न तुम्ही त्यांना विचारा. कुणी उत्तर दिलं तर मी सही करते."

सोमवारी जेवणाच्या सुट्टीत त्याने विचारलं. सहज विचारावं तसं विचारलं, की कंपनीला गेल्या वर्षी एका गाडीमागे किती नफा झाला? आठही जणांचे हात डब्यांवर थबकले. एकाने भाव सांगितला. दुसऱ्याने कुठल्यातरी व्हिडिओचं नाव घेतलं. तिसरा म्हणाला, तेजीशेठला माहीत असेल. सगळ्यांनी तेजीशेठकडे पाहिलं, आणि तेजीशेठ पाणी प्यायला उठला.

सुट्टी संपल्यावर त्याने हेडक्लार्कला जिन्यात गाठलं. आपल्याला हे शेअर मेव्हण्याने सुचवले, मेव्हण्याला ते त्याच्या मित्राने सुचवले होते, एवढं त्याने कबूल केलं. मग आवाज खाली आणून म्हणाला, "घरातलं सगळं घातलंय रे मी यात. बायकोने सही केली, पण कशावर केली ते तिला माहीत नाही. आता भाव जरा हलला की मला जेवण जात नाही, आणि का जात नाही ते तिला सांगताही येत नाही."

नवरा आपल्या टेबलावर येऊन बसला, पण त्याचं कामात लक्ष लागेना. जिन्यात उभा असलेला माणूस आपणच झालो असतो! तिला काही झळ लागू नये म्हणून आपण तिला विचारत नव्हतो, अशी त्याची आजवर समजूत होती. खरं म्हणजे तिने प्रश्न विचारला असता तर आपल्याला उत्तर येत नाही हे उघडं पडलं असतं. भीती त्याची होती आणि तिच्या अडाणीपणाचं नाव पुढे केलं जात होतं!

संध्याकाळी तो घरी न जाता थेट कारखान्यात गेला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. मास्तरीण एका गाडीच्या मागच्या दारातून अर्धी आत होती. तिने दचकून वर पाहिलं.

"कुणालाच माहीत नव्हतं," तो म्हणाला. "मलाही नाही. मी तुला उगाच बोललो त्या दिवशी."

तिने हातातलं काम बाजूला ठेवलं. कापडाच्या गठ्ठ्यावर त्याला बसायला जागा करून दिली आणि अहवालाची छापून आणलेली पानं पुढ्यात ठेवली. मालक दिवे बंद करायला येईपर्यंत दोघं ती वाचत होते. त्याला काही गोष्टी तिच्याहून पटकन कळल्या, शेवटी तो हिशेबातला माणूस. ठेव मोडायची नाही, असं दोघांनी मिळून ठरवलं. जागेसाठीचे पैसे भरवशावर लावायचे नाहीत. मात्र गाडी चांगली आहे आणि धंदा वाढू शकतो हेही दोघांना पटलं होतं, म्हणून दर महिन्याच्या खर्चातून उरेल त्यात थोडेसे शेअर घ्यायचे, आणि दरवर्षी अहवाल आला की एकत्र बसून वाचायचा.

आता तुम्ही विचाराल, पुढे शेअरचं काय झालं? पुढच्या दोन महिन्यांत तो चांगलाच वर गेला. कार्यालयात हेडक्लार्कची भरपूर थट्टा झाली. सगळी ठेव घातली असती तर किती झाले असते, याचा हिशेब लोकांनी त्याला न मागता करून दिला. त्याला थोडं लागलं, पण रात्रीची झोप शाबूत होती. नंतर भाव खालीही आला, आणि पुन्हा वर. तो असाच हलत राहणार. त्या दोघांचा निर्णय बरोबर होता की नाही हे भावावरून ठरवायला गेलो, तर रोज सकाळी निराळं उत्तर येईल.

भाव चढलेला असतानाच एके दिवशी तेजीशेठ कारखान्याच्या दारात उभा राहिला. बरोबर त्याची बायको होती. घाबरलेली नव्हती, रागावलेलीही नव्हती. नवऱ्याने तिला सगळं सांगून टाकलं होतं, आणि तिच्या हातात एक जाड फाइल होती.

"मास्तरीणबाई, आम्हाला फायदाच झालाय म्हणतात हे," ती म्हणाली. "पण कशामुळे झालाय ते मला समजून घ्यायचंय. कुठून सुरुवात करू?"

मास्तरणीने मशीन थांबवलं आणि तिला शेजारी बसवलं.

मित्रहो, विजेच्या गाडीत पैसे घाला किंवा घालू नका, तो ज्याचा त्याचा विचार आहे. पण घरातल्या पैशावर सही दोघांची लागत असेल, तर प्रश्नही दोघांचे असायला हवेत. एखादी गोष्ट आपल्याला कळत नाही असं म्हणायला लाजू नका, आणि घरात कुणी तसं म्हटलं तर त्याला गप्प करू नका. त्या माणसाला बसायला जागा द्या आणि कागद त्याच्या हातात द्या.